वाळक्या शेंगांची शेवटची माळ

स्पायसवुडच्या खोऱ्यात सणाच्या टर्कीचं कौतुक तसं कोणालाच नसतं. टर्की म्हणजे लग्नातला नवरदेव. त्याला मधोमध बसवायचं, त्याचे फोटो काढायचे आणि मग सगळ्यांनी भलत्याच गोष्टींवर तुटून पडायचं. टर्की काय, कोणालाही भाजता येते. कोरडी झालीच तर वरून ग्रेव्ही ओतली की तिची अब्रू झाकली जाते. बाईची खरी पारख होते ती टर्कीच्या आजूबाजूला मांडलेल्या भांड्यांवरून.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, टेबलावरच्या प्रत्येक भांड्याला मालकीण असते. मक्याच्या भाकरीचा चुरा, कांदा आणि सेजची पानं घालून भाजलेलं ड्रेसिंग एकीचं, रताळी दुसरीची, मॅकरोनी तिसरीची. ही मालकी कोणी लिहून देत नाही, पण आमच्याकडे जमिनीच्या बांधावरून झाली नसतील तेवढी भांडणं हिच्यावरून झाली आहेत. मालकीण गेली किंवा अंथरुणाला खिळली, तरच भांडं दुसऱ्या हातात जातं. आणि जिच्या हातचं कोणाला खावंसं वाटत नाही तिला फोनवर गोड आवाजात सांगतात, "तू ना, नुसते पाव घेऊन ये." दुकानातले, पिशवीतले. त्याचा अर्थ सांगणारीला कळतो, ऐकणारीलाही कळतो, आणि दोघी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतात.

डेल्फा स्टिडमचं भांडं वाळक्या शेंगांचं होतं. घेवड्याची शेंग दाण्याने भरली पण अजून हिरवी आहे, अशा वेळी तोडायची. दोन्ही कडेच्या शिरा ओढून काढायच्या आणि सुईत जाड दोरा घेऊन शेंगांची माळ ओवायची. ती आढ्याला टांगली की शेंगा हळूहळू तपकिरी होतात, आक्रसतात. म्हणून आमची माणसं त्यांना चामड्याच्या विजारी म्हणतात. सणाच्या आदल्या दिवशी त्या भिजत घालायच्या आणि मग खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून तासन् तास मंद आचेवर ठेवायच्या. दिसायला म्हणाल तर भांड्यात चिखल. पण खोऱ्यातला माणूस ओहायोत कारखान्यात नोकरीला गेला तर घरच्या फोनवर आधी ह्या शेंगांची चौकशी करतो, मग आईबापाची.

डेल्फाचा घेवडा तिच्या आईचा, आणि आईला तो तिच्या आईकडून आलेला. शेंग गुळगुळीत, तुपाचा हात फिरवल्यासारखी, आणि आत पांढरा टपोरा दाणा. तसा दाणा दुसऱ्या कुठल्या घरात नव्हता, कारण डेल्फाने तो कोणाला दिलाच नव्हता. मयताच्या घरी ती हंडाभर शेंगा शिजवून पोचवायची, चर्चच्या जेवणाला न सांगता आणायची. पण बियाणं मागितलं की तिचा चेहरा कठोर व्हायचा. "शिजवून हवं तेवढं मागा," ती म्हणायची, "दाणा मागू नका."

तिचंही एका अर्थी बरोबर होतं. तिचा नवरा होबर्ट लग्नानंतर चार वर्षांत खाणीत छत कोसळून गेला. पोरबाळ झालं नाही. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात ती दुसऱ्यांच्या पोरांना वाढत राहिली. सणाच्या टेबलावर प्रत्येकीच्या मांडीवर कोणीतरी असायचं, नातू, पणती, निदान कोणाचं तरी झोपलेलं पोर. डेल्फाच्या मांडीवर काही नसायचं. पण ती दोन्ही हातांत फडकी घेऊन ते जड भांडं उचलत दारात आली की गप्पा थांबायच्या, माणसं बाजूला होऊन वाट द्यायची. तेवढ्यासाठी तिने तो घेवडा पोटच्या पोरासारखा जपला होता.

त्या वर्षी जुलैत ओढा घरात आला. डेल्फाचं घर ओढ्याकाठीच. पहाटे ती गाऊनवरच मागच्या चढावर चढली आणि एका झाडाला धरून बसून राहिली. खाली तिचं घर पाण्यात हललं, मग वळलं. मागच्या पडवीतला फ्रीझर तरंगत ओढ्याला लागला. त्यात मांस होतं, मक्याची कणसं होती आणि एका बरणीत आईच्या घेवड्याचं सगळं बियाणं. वाफ्यातले वेल तर आदल्या तासाभरातच गेले होते. घर गेलं तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. फ्रीझर पुलाला आपटून उलटा झाला तेव्हा मात्र ती मोठ्याने रडली, आणि तिला शोधायला आलेल्या शेजाऱ्यांना वाटलं, बाई घरासाठी रडतेय.

मदत म्हणून मिळालेला एक जुना ट्रेलर त्या चढावर उभा करून ती राहू लागली. बियाणं गेल्याचं तिने कोणाला सांगितलं नाही. आणि कोणी विचारलंही नाही. डेल्फाकडे शेंगा नसतील ही शंकाच कोणाच्या मनात येण्यासारखी नव्हती.

ऑक्टोबरात तिच्या भावाचा, बर्लचा, फोन आला. बर्ल तिच्यापेक्षा लहान, पण खाणीतल्या कोळशाच्या धुळीने त्याची फुप्फुसं दगड झाली होती. नाकात नळी, शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र. तो मुलीकडे, टान्याकडे राहायचा, वर टेकाडावर. बोलताना प्रत्येक वाक्याला थांबायचा. ह्या हिवाळ्यापलीकडचं डॉक्टर काही बोलत नव्हते.

"ताई," तो म्हणाला, "मला आता कशाचीच चव लागत नाही. पण आईच्या शेंगांची लागेल. तेवढ्या आण."

डेल्फा हो म्हणून बसली. दुसऱ्या दिवशी ती वरच्या जुन्या खोपटात गेली, जिथे ती माळा वाळत घालायची, आणि तिने आढं न् आढं चाचपून पाहिलं. कोपऱ्यात तंबाखूची पानं वाळवायच्या जुन्या काठ्यांमागे गेल्या वर्षीची एक माळ लटकत होती. हातभर लांब, कोळिष्टकांनी भरलेली. डेल्फा तिथेच एका उपड्या टोपलीवर बसली आणि माळ मांडीवर घेऊन बराच वेळ नुसती बघत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, अर्धी शिजवावी, अर्धी पेरावी. डेल्फालाही ते सुचलं होतं. पण हातभर माळेत एक लहानसं भांडं जेमतेम होतं. आणि ह्या शेंगा हिरव्या तोडलेल्या, दाणा पुरता पिकलेला नसतो. मूठभर पेरले तर एखादाच उगवायचा. त्यातले अर्धे शिजवले तर तोही गेला. शिवाय आणखी एक पंचाईत होती. माळा वाळल्या की डेल्फा त्या ओव्हनमध्ये मंद आचेवर थोडा वेळ ठेवायची, म्हणजे आतली कीड मरते आणि शेंगा वर्षभर टिकतात. कीड मरते तसा दाणाही मरतो. दिसायला जसाच्या तसा, पण मेलेला. ही माळ ओव्हनमधून निघून इथे आली होती, की ओव्हनमध्ये जायची राहून गेली होती? तिने किती डोकं खाजवलं, पण आठवेना.

ओव्हनची ती आठवण तिला नकोशी होती, त्यालाही कारण होतं.

बर्लची बायको विल्डा डोंगरापलीकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच सणाला तिने ड्रेसिंग केलं, आणि डेल्फाच्या आईने, जी कोणाच्याही हातचं खाऊन नुसती मान हलवायची, तिने ते दुसऱ्यांदा वाढून घेतलं. डेल्फाने ते पाहिलं. पुढे आई अंथरुणाला लागली तेव्हा तिने डेल्फाला बजावलं की बियाणं दोन्ही घरांत असू दे, विल्डालाही मूठभर दे. डेल्फा हो म्हणाली. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं. पण आईला पुरून आल्यावर तिचा जीव खालीवर व्हायला लागला. बर्लची जमीन टेकाडावर, दिवसभर उन्हात. डेल्फाची ओढ्याकाठी, दुपारनंतर सावलीत. विल्डाच्या हाताला चव, कडेवर टान्या, घरात नवरा. आता शेंगाही तिच्याच होणार. मग त्या टेबलावर डेल्फाचं काय काम उरणार होतं?

तिने मूठभर दाणे एका ताटलीत पसरले आणि ताटली ओव्हनमध्ये ठेवली. गार झाल्यावर ते कागदाच्या पिशवीत भरले, वर फीत बांधली आणि भावजयीच्या हातात दिले. विल्डाने तिला मिठी मारली. आईंची आठवण माझ्या दारी वाढेल, असं काहीतरी ती म्हणाली.

त्या वर्षी विल्डाच्या सरीत एकही कोंब आला नाही. दुसऱ्या वर्षी ती लाजत लाजत पुन्हा मागायला आली. माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणाली. डेल्फाने तिला पुन्हा दिले. पुन्हा ओव्हनमधून काढून. पहिल्या खेपेला रागाच्या भरात झालं असं म्हणता येईल. दुसऱ्या खेपेला तसं म्हणता येत नाही, आणि डेल्फानेही मनातल्या मनात कधी तसं म्हटलं नाही.

खोऱ्यात लोकांना बोलायला विषय लागतोच. विल्डाच्या हाताला मरण आहे, असं आधी गमतीत निघालं, मग ते तसंच चिकटलं. तिने दगड पेरला तर तोही वाळेल, असं म्हणायचे. जिच्या हाताला बी लागत नाही तिच्या हातचं खायचं कसं, असंही कोणीतरी म्हणालं असणार, कारण दोन-तीन वर्षांत ड्रेसिंग एका चुलत जावेकडे गेलं आणि विल्डाकडे आले पाव. ती ते मरेपर्यंत आणत राहिली. दुकानातलेच, पण घरी गरम करून, टोपलीत इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून. आणि दर सणाला कोणीतरी पाव घेताना तिच्या सरीची गंमत सांगायचं. विल्डा हसायची. डेल्फा ताटात बघायची.

विल्डा गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गंमत मात्र राहिली होती.

सण दोन आठवड्यांवर आला तेव्हा डेल्फाने ठरवलं की आधी खात्री करायची. माळेच्या टोकाच्या काही शेंगा तिने सोडवल्या, त्यातले टपोरे दाणे निवडले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि बशीत ठेवून बशी खिडकीत ठेवली. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती फडकं उलगडायची. पहिल्या आठवड्यात दाणे फुगले. दुसऱ्यात काही बुळबुळीत झाले, त्यांना वास सुटला. ते ती काढून टाकत गेली. उरलेले तसेच पडून होते, निर्जीव.

सणाच्या आधीच्या मंगळवारी तिने फडकं उलगडलं, पाहिलं आणि पुन्हा गुंडाळलं. माळ ओव्हनमधून निघालेलीच होती म्हणायची. तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. आता निवड करायची राहिली नव्हती. बियाणं संपलंच होतं, मग निदान बर्लच्या तोंडी घास तरी पडेल. खिडकीपाशी कामाला जागा हवी म्हणून तिने ती बशी उचलून शेगडीच्या मागच्या फळीवर सरकवली आणि तिला विसरून गेली. बुधवारी माळ दोऱ्यावरून ओढून शेंगा भिजत घातल्या, पाणी बदललं, चरबीचा तुकडा टाकला आणि भांडं चढवलं. त्या टीचभर ट्रेलरमध्ये ऊब भरली, खिडक्यांना घाम आला आणि तो वास सुटला. डेल्फा भांड्याशेजारी खुर्ची ओढून बसली. तिला आपलं जुनं घर आठवत होतं, पडवी, आईचा घसा खाकरण्याचा आवाज.

गुरुवारी सकाळी भांडं उतरवताना तिला फडकं हवं होतं, म्हणून तिने फळीवर हात घातला. हाताला बशी लागली. फेकून द्यावं म्हणून तिने तो ओला गोळा उचलला, आणि उलगडला.

एका दाण्याची साल फाटली होती. त्यातून पांढरा, बोटाच्या पेराएवढा मोड निघून फडक्याच्या विणीत शिरला होता.

डेल्फा उभीच राहिली. खिडकीतल्या गारठ्यात जो दाणा दोन आठवडे निपचित पडून होता, त्याला शेगडीची ऊब लागली होती. आणि शेगडी पेटवली होती त्याचेच भाऊबंद शिजवायला. माळ जिवंत होती. ती ओव्हनमध्ये कधी गेलीच नव्हती. डेल्फाने भांड्याचं झाकण काढून आत पाहिलं. एका चमच्याने ढवळून पाहिलं, जणू त्यातून काही परत मिळणार होतं. शेंगा मऊ लुसलुशीत शिजल्या होत्या, दाणे फुटून रस दाट झाला होता. आजवर तिच्या हातून इतक्या सुरेख शेंगा झाल्या नव्हत्या.

बाहेर दव गोठलेलं. मोड ट्रेलरमध्ये ठेवून गेलं तर हीटरचा भरवसा नाही, मधेच बंद पडायचा. तिने ओलं फडकं पुन्हा नीट गुंडाळलं, एका कपात ठेवलं आणि कप पिशवीत, लोकरीच्या टोपीत. कोणाला दाखवायचा तिचा अजिबात विचार नव्हता. एक वेल तर एक वेल. कुंडीत, खिडकीपाशी, एका वेलाला चार शेंगा आल्या तरी पुढच्या वर्षी वाफा होईल. भांडं तिचंच राहील. कोणाला काही कळायचं कारण नाही.

टान्याच्या घरी ती पोचली तेव्हा नेहमीसारखी माणसं बाजूला झाली, वाट मिळाली. टान्याने हातातलं भांडं घेऊन टेबलाच्या मधोमध, टर्कीच्या शेजारी ठेवलं. "आत्या, एवढंसंच?" ती म्हणाली. डेल्फा म्हणाली, पुरात बरंच गेलं. पिशवी तिने खुर्चीखाली पायाशी ठेवली.

बर्लला खुर्चीसकट टेबलाशी आणलं होतं. मार्चपासून त्याचं निम्मं मांस झडलं होतं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती. प्रार्थना झाली. टान्याने त्याला टर्कीचा तुकडा वाढला, तो त्याने बाजूला सारला. मग डेल्फाने स्वतः उठून त्याच्या ताटात शेंगा घातल्या. पहिला घास घेऊन तो डोळे मिटून बसला. सगळं टेबल थांबलं होतं.

"आईच्या," तो म्हणाला. दुसरा घास घेतला.

शिजवलं ते बरं केलं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. एवढ्यावर सण संपला असता तर ती सुखाने घरी गेली असती.

पण टान्याला आत्याचं मन मोकळं दिसलं असावं. ती म्हणाली, वरच्या कुंपणाला छान ऊन असतं, येत्या वसंतात मूठभर बी देशील का, मी लावून बघेन. विल्डाच्या त्या चुलत जावेने लगेच भुवया उंचावल्या. बर्ल हसला, त्याच्या हसण्यातून शिट्टीसारखा आवाज यायचा.

"तुला तुझ्या आईचा हात लागलाय," तो म्हणाला. "ताईचं बियाणं कशाला मातीत घालतेस?"

सगळे हसले. कोणीतरी दगड पेरल्याची गोष्ट काढली. टान्याही हसली, पण हसताना तिने आपल्या हाताकडे बघितलं, आणि ते डेल्फाला दिसलं. बर्ल दम खाऊन, हसू ओसरल्यावर, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "बिचारी. रोज सकाळी त्या सरीपाशी जाऊन बसायची. बोटाने माती उकरायची आणि पुन्हा झाकायची. मला वाटायचं, वेडी आहे."

डेल्फाने काटा खाली ठेवला. नंतर स्वयंपाकघरात टान्याला एकटीला गाठून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ती गंमत स्वयंपाकघरात सांगितली गेली नव्हती. ह्या टेबलावर सांगितली गेली होती, दर वर्षी, पाव फिरवताना. ती खाली वाकली, पिशवीतून कप काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"विल्डाच्या हाताला काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. बर्लने मान वर केली.

"मी दाणे ओव्हनमध्ये भाजून दिले होते. दोन्ही वर्षं. ते उगवणारच नव्हते."

मग एकदा सुरुवात झाल्यावर तिने उरलेलंही सांगून टाकलं. आईला दिलेला शब्द, पुरात गेलेलं बियाणं, ही शेवटची माळ, आणि ताटात आहे तेवढंच आता सगळं. आवाज तिचा नेहमीसारखाच होता. तिने कोणाची माफी मागितली नाही. ती मागण्यासारखी माणसं दोन होती, आई आणि विल्डा, आणि दोघीही पुरलेल्या होत्या. शेवटी तिने फडकं उलगडलं. "हा एक उगवला. हा विल्डाच्या वाट्याचा," ती म्हणाली आणि कप टान्याकडे सरकवला.

ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. बर्ल बहिणीकडे बघत नव्हता. तो ताटातल्या शेंगांकडे बघत होता.

"मीही हसायचो तिला, ताई," तो म्हणाला. "तिच्या तोंडावर."

बर्लने काटा पुन्हा हातात घेतला आणि उरलेल्या शेंगा खाल्ल्या, एकेक करून, सावकाश, मधे मधे श्वासासाठी थांबत. ताट पुसून घेईपर्यंत तो थांबला नाही, आणि डेल्फाकडे त्याने बघितलंही नाही.

टान्या उठली. कप दोन्ही हातांत धरून ती खिडकीशी गेली, फडक्यातला मोड तिने उजेडात पाहिला. तिची पाठ सगळ्यांकडे होती. आपल्या ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून तिने दोन थेंब त्याच्यावर सोडले, आणि मग कप फ्रिजवर ठेवला, जिथे ऊब असते. परत येऊन ती जागेवर बसली. डोळे लाल होते, पण रडली नाही. तिने शेंगांचं रिकामं भांडं टेबलाच्या मधून उचललं आणि आपल्या बाजूला ठेवलं.

"पुढच्या वर्षीपासून शेंगा मी करीन," ती म्हणाली. "आत्या, तू पाव आण."

डेल्फाने मान हलवली.

"दुकानातले चालतील," टान्या म्हणाली. "पण गरम करून आण. आई गरम करून आणायची."

"आणीन," डेल्फा म्हणाली, आणि मग तिने विचारलं, "किती जणांचे?"